फोटोतली बाई

मामानं पत्रकं छापून आणली तेव्हा मावशीचा गुडघा अजून धड होता. निदान ती सगळ्यांना तसं सांगत होती. पत्रकावर तिचाच फोटो होता. शिडीच्या अगदी वरच्या पायरीवर उभी, अंगात ढगळ राखाडी स्वेटर, हातात दिव्यावरचं जुनं कापडी झाकण, डोक्यावर पिकलेल्या केसांचा टोप. फोटो बऱ्याच वर्षांपूर्वीचा, नाटक पहिल्यांदा चाललं तेव्हाचा. तेव्हा म्हातारी दिसायला टोप लावावा लागे. आता केस आपणहून पिकले होते, आणि टोप पेटीत पडून होता.

नाटक एकपात्री होतं. विकलेलं घर रिकामं करणाऱ्या एका बाईचं. दुसऱ्या अंकात ती शिडी लावून माळ्यावरचं सामान काढते आणि वरच्या पायरीवर उभी राहूनच बराच वेळ बोलते. ते भाषण म्हणजे नाटकाचा जीव. लिहिलेलं मामानं, गाजवलेलं मावशीनं. मामा हा तिचा धाकटा भाऊ. लेखक तोच, दिग्दर्शक तोच, लाइटची बटणं दाबणारा तोच. मंडळी म्हणावी अशी मंडळी नव्हतीच. घरचीच तीन माणसं होती.

नाटक पुन्हा उभं करायचं ठरलं, तालमी सुरू झाल्या, आणि एका दुपारी मावशी शिडीच्या मधल्या पायरीवर थांबली. वर जाईना, खाली येईना. मामाला वाटलं, हिला काहीतरी नवीन सुचलंय. तो खालून म्हणाला, "छान आहे, ठेव हे." मग तिच्या तोंडाकडे त्याचं लक्ष गेलं आणि तो धावला. तिला खाली उतरवताना दोघांनाही घाम फुटला. त्यानंतर त्या दिवशी कुणी तालमीचं नाव काढलं नाही.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे चिमणी. मामाची आणि मावशीची भाची, मधल्या बहिणीची मुलगी. लहानपणी मूठभर होती म्हणून चिमणी. आता दारातून आत येताना तिला मान वाकवावी लागे, तरी नाव तेच. कॉलेजला आल्यापासून ती मावशीकडेच राहत होती. आठवडाभर एका दाताच्या डॉक्टरकडे बाहेरच्या टेबलावर बसून फोन घ्यायची, आणि उरलेल्या वेळात छोटीमोठी कामं करायची, नाटकातली. हे नाटक तिला लहानपणापासून विंगेत बसून पाठ झालं होतं. मामानं तिला विचारलं तेव्हा हो म्हणण्याआधी तिनं मावशीकडे पाहिलं.

"कर की," मावशी म्हणाली. "पाठ तर आहेच तुला."

हे बोलताना मावशी गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसली होती, आणि तिनं मान वर केली नाही.

प्रश्न पत्रकांचा राहिला. गठ्ठेच्या गठ्ठे पलंगाखाली पडले होते. मामा म्हणाला, फोटो एवढासा, स्वेटर तोच, शिडी तीच, कोण ओळखतंय. नटाचं नाव पत्रकावर छापायचं नाही ही त्याची जुनी रीत होती. नाव छापलं की नट डोक्यावर बसतो, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे खोडायला काही नव्हतंच. आणि पत्रकं वाटायची ती हातोहात, यावरही तो ठाम होता. फोनवरची जाहिरात बोटानं वर सरकते, हातात दिलेला कागद माणूस निदान कचऱ्याच्या डब्यापर्यंत तरी नेतो.

वाटायचं काम मावशीनं आपणहून अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. घरात बसून चिमणीला आपली वाक्यं म्हणताना ऐकण्यापेक्षा रस्ता बरा, एवढाच तिचा विचार होता.

रोज सकाळी ती कापडी पिशवी भरून निघायची. आधी बाजारपेठेचा कोपरा, मग हॉस्पिटलचं फाटक, दुपारी वाचनालयाच्या पायऱ्या, संध्याकाळी बस थांबा. पत्रकं वाटणं वरून दिसतं तितकं सोपं काम नाही. हात पुढे करायचा, पण अंगावर जायचं नाही. हसायचं, पण हात पसरल्यासारखं वाटू द्यायचं नाही. माणूस लांब असतानाच त्याच्या डोळ्यांत बघायचं, कारण जवळ आल्यावर तो मुद्दाम दुसरीकडे बघतो. काही लोकांना तिच्यापाशी पोचता पोचताच फोन येई. काहींचे हात खिशात जात, जणू ही बाई खिसाच कापणार आहे. एकानं पत्रक घेतलं, पूर्ण वाचलं, घडी घालून तिच्याच हातात परत दिलं आणि आभार मानून गेला. तो त्यातल्या त्यात बरा. बाकीचे डब्यापर्यंत नेत, मामा म्हणाला होता तसंच.

संध्याकाळी परतताना मावशी त्या डब्यात डोकावायची. आपलाच चेहरा, त्यावर केळ्याची साल, त्याखाली पुन्हा आपलाच चेहरा. जी पत्रकं कोरडी असत ती उचलून बाहीला पुसायची आणि पिशवीत टाकायची. एकदा बाजारातल्या एका चहावाल्यानं तिला डब्यात हात घालताना बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं काही न विचारता तिच्यापुढं चहाचा कप ठेवला. तिनं खुलासा केला नाही. चहा गरम होता.

घरी आल्यावर ती टबात कोमट पाणी आणि मीठ घालून पाय सोडून बसायची. थोड्या वेळानं चिमणी यायची, तीही बूट काढून समोर खुर्ची ओढायची. टब एकच होता. एका टबात चार पाय, आणि दोघींनाही बोलायचं त्राण नाही, अशी त्यांची संध्याकाळ जायची.

पहिल्या रविवारी दुपारच्या प्रयोगाला पुढच्या रांगासुद्धा भरल्या नाहीत. सभागृह म्हणजे फर्निचरच्या गोदामावरचा मजला. खालून व्हार्निशचा वास यायचा, आणि प्रेक्षक कमी असले की तो वास जास्त जाणवायचा. दुसऱ्या रविवारीही तीच गत.

त्यानंतरच्या आठवड्यात मावशी हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीतल्या लाँड्रीत शिरली. खरं तर बसायला मिळेल म्हणून शिरली. तिथं गिऱ्हाइकासाठी एक बाकडं होतं. लाँड्रीवाली बाई इस्त्रीच्या वाफेत उभी होती, चष्म्यावर धुकं साचलेलं. मावशीनं सवयीनं पत्रक पुढे केलं. बाईनं इस्त्री उभी केली, चष्मा पुसला, पत्रक दिव्याखाली धरलं. मग मावशीकडे पाहिलं, पुन्हा पत्रकाकडे पाहिलं.

"ह्या तुम्हीच ना?"

"हो," मावशी म्हणाली. "मीच."

बाई काउंटरच्या बाहेरच आली. तिनं हे नाटक बघितलं होतं, लग्न नवीन असताना. सासरचं घर वाटणीत विकलं गेलं होतं त्या वर्षी. शेवटच्या रांगेत बसून ती इतकी रडली होती की नवऱ्यानं नंतर कित्येक दिवस तिला नाटकाला न्यायचं नाव काढलं नाही. ती म्हणाली, तुम्ही त्या शिडीवरून असं काही बोलत सुटलात की मला वाटलं, आता ही बाई पडते. रविवारी मी येणार, जावेला आणणार, नणंदेला आणणार, दुकान बंद ठेवणार. बोलता बोलता तिनं पत्रक काचेवर चिकटवलंसुद्धा.

मावशीनं सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. पुढे तिनं स्वतःची समजूत घातली, ती अशी: सांगणारच होते, पण मध्ये गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक आलं हे खरंच होतं. ते गेल्यावरही ती बराच वेळ त्या बाकड्यावर बसली होती, हेही खरं होतं.

पण त्या दिवसापासून तिला एक युक्ती सापडली. पत्रक देताना ती बोट फोटोवर ठेवायची आणि म्हणायची, "ही मी." बस, एवढंच. माणूस थांबायचा. फोटो बघायचा, तिच्याकडे बघायचा, हसायचा. जिचा चेहरा छापलाय ती बाई समोर उभी असताना कागद डब्यात टाकायचा धीर कुणाला होत नाही. नाटकात काम मी करते, असं ती एकदाही म्हणाली नाही. नरो वा कुंजरो वा. कुणी विचारलं, अजून करता तुम्ही, तर ती म्हणायची, या ना, बघायला या. डब्यात आता तिचा चेहरा क्वचित दिसायचा. पाय तेवढेच दुखायचे, पण दुखणं अंगावर काढत चालता यायचं.

मामाला तिकिटांसाठी फोन येऊ लागले. तो खूश. म्हणाला, बघ ताई, कागद तो कागद.

शनिवारी चिमणीला सुट्टी होती. मावशीचा गुडघा सकाळीच सुजला होता म्हणून ती बरोबर निघाली. वाचनालयाच्या पायऱ्यांवर मावशी बसून आणि चिमणी उभी राहून, दोघी वाटत होत्या. चिमणीच्या हातातलं कुणी फारसं घेत नव्हतं. मावशीपाशी मात्र एक वयस्क गृहस्थ थांबले, काठी बगलेत धरून फोटो बघू लागले. मावशीनं बोट ठेवलं. ही मी. गृहस्थांना फार आनंद झाला. उद्या नक्की येतो म्हणाले. मग चिमणीकडे बघून त्यांनी विचारलं, ह्या कोण.

"माझी भाची," मावशी म्हणाली. "मदतीला आलीये."

गृहस्थ गेले. उरलेली पत्रकं चिमणीनं मुकाट्यानं वाटली. मग मावशीच्या हाताला धरून तिला उठवलं आणि बाजारातल्या त्या चहाच्या दुकानात नेलं. चहा आला तरी ती कपाला हात लावेना.

"मी मदतीला आलेय होय, मावशी?"

मावशी म्हणाली, नाटकात मी आहे असं मी कुणालाच म्हटलेलं नाही.

"मला माहितेय तू काय म्हणतेस ते. न बोललेलं वाक्य जास्त ऐकू येतं, हे तूच शिकवलंस मला." चिमणीचा आवाज चढला नव्हता. आठवडाभर फोनवर लोकांच्या दाढदुखीच्या तक्रारी ऐकून तो आधीच बसलेला होता. "तू तिकिटाच्या खिडकीत असतेस, नाहीतर विंगेत. तुला दिसत नाही. पडदा उघडला की पहिल्या रांगेतला माणूस माझ्याकडे बघतो, मग पत्रकाकडे बघतो, मग पुन्हा माझ्याकडे. मागच्या रविवारी तर एकीनं शेजारणीला विचारलं, ती बाई कधी येणार. मी पहिला सबंध अंक त्या बाईची वाट बघणाऱ्या लोकांसमोर काम करते."

मावशी चहातली साय चमच्यानं बाजूला सारत राहिली. मग म्हणाली, "दिवसभर उभं राहायचं गं, आणि कुणी बघतसुद्धा नाही. एखाद्यानं थांबून बघितलं की पाय जरा हलके होतात. बाकी काही नाही."

चिमणीनं साखरेचं भांडं मावशीकडे सरकवलं आणि आपला गार झालेला चहा एका घोटात संपवला. त्या संध्याकाळी टबात मावशीचे दोनच पाय होते. चिमणी आज लवकर झोपते असं सांगून आत गेली होती, आणि आतल्या दिव्याची फट दाराखालून दिसत होती.

रविवारी मावशीनं ठरवलं, खिडकीवर येईल त्याला सांगून टाकायचं. ठरवणं सोपं होतं. सगळ्यांत आधी लाँड्रीवालीच आली. इस्त्रीची कडक घडी अंगावर, मागे जाऊ, नणंद, दुकानातला कपडे पोचवणारा माणूस आणि त्याची बायको. जावेला ती पायऱ्यांवरूनच सांगत होती, बघ, ह्याच त्या. मावशीचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, अहो, अजून तयार नाही झालात, मेकअप कधी करणार. मावशीनं तिकिटांचा गठ्ठा पुढे ओढला. तिनं तिकिटं दिली. मग काठीवाले गृहस्थ आले. मग बस थांब्यावर पत्रक घेतलेल्या दोघी नर्स, बाजारातला चहावाला, आणि कितीतरी असे चेहरे, जे तिला बघून ओळखीचं हसत होते. इतकी माणसं त्या जिन्यावर कधी चढलीच नव्हती. खालचं गोदाम त्यांच्या पावलांनी घुमत होतं. मामा जास्तीच्या खुर्च्या खेचत इकडून तिकडे पळत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर कुणीतरी दहा वर्षं पुसून टाकल्यासारखं वाटत होतं.

मावशी खिडकी बंद करून मेकअपच्या खोलीत गेली. चिमणी आरशासमोर केसांना पांढरी पावडर लावत होती. अर्धं डोकं झालं होतं. मावशीनं सगळं सांगितलं. लाँड्रीवाली कोण, तिची जाऊ कोण, तिनं काय विचारलं, आपण काय नाही सांगितलं. सांगताना ती दाराला टेकून उभी होती, कारण खोलीत खुर्ची एकच.

चिमणी ऐकत राहिली. मग उठून तिनं खुंटीवरचा राखाडी स्वेटर काढला आणि मावशीपुढे धरला.

"घाल. तूच कर आज."

"शिडीचं काय?"

"शिडी राहू दे. खाली उभी राहून बोल. त्यांना तू हवी आहेस, शिडी नको आहे."

मावशीनं स्वेटर घातला. तो अजून बसत होता. कॉलरला चिमणीच्या पावडरचा वास येत होता. आरशात तिनं पाहिलं तर फोटोतली बाईच उभी होती, आता टोपाचीही गरज नसलेली. पहिलं वाक्य तिनं ओठांतल्या ओठांत म्हटलं. पाठोपाठ दुसरं आपोआप आलं. बाहेर मामानं घंटा दिली. तिच्या अंगातला थकवा पार उतरला, गुडघासुद्धा गप्प बसला.

मग तिला आरशात मागे चिमणी दिसली. चिमणी खुर्चीत बसून ओल्या रुमालानं मानेवरची पावडर पुसत होती. अर्धे केस पांढरे, अर्धे काळे, तोंडावर राग नाही, रुसवा नाही. दिवसाचं काम आटपल्यावर टेबल पुसतात तसं ती मान पुसत होती. तिनं भांडण केलं असतं तर मावशीनं स्वेटर काढला नसता.

तिनं तो काढला आणि चिमणीच्या मांडीवर ठेवला. "उरलेले केस रंगव," ती म्हणाली, आणि पडद्याच्या फटीतून पुढे गेली.

लोकांना वाटलं, सुरू झालं. टाळ्या पडल्या. मावशी हात वर करून थांबली. ती जे बोलली ते फार नव्हतं. पत्रकावरचा फोटो माझा आहे. काम माझी भाची करणार आहे, कारण माझा गुडघा शिडी चढत नाही. हे मी तुम्हाला रस्त्यातच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. ज्यांना जायचं असेल त्यांनी खुशाल जावं, तिकिटाचे पैसे परत मिळतील.

पैसे परत हे शब्द कानावर पडताच मामा लाइटच्या बटणांपाशी मोठ्यानं खोकला.

खुर्च्या वाजल्या. काही माणसं उठली, त्यांत चहावाला नव्हता पण त्या दोघी नर्स होत्या. काठीवाले गृहस्थ उठायला लागले, मग एवढा जिना पुन्हा उतरायचा या विचारानं असेल, पुन्हा बसले. लाँड्रीवाली हाताची घडी घालून समोर बघत होती, मावशीकडे नव्हे, बंद पडद्याकडे. जाऊ तिच्या कानाशी लागली. लाँड्रीवाली एवढंच म्हणाली, ते पहिल्या रांगेपर्यंत ऐकू आलं, "आता आलोय तर बघू."

पहिला अंक थंड गेला. चिमणी चांगलं करत होती, पण लोक हिशेब मांडून बसले होते. जिथं हशा यायचा तिथं कुणी हसलं नाही. मावशी विंगेत संहिता हातात धरून बसली होती, प्रॉम्प्टिंगसाठी, आणि व्हार्निशचा वास तिच्या डोक्यात चढत होता. मध्यंतरात आणखी काही माणसं गेली. चिमणी आत येऊन पाणी प्यायली आणि परत गेली.

दुसऱ्या अंकात चिमणीनं शिडी लावली, वर चढली, माळ्यावरून दिव्याचं झाकण काढलं, त्यावरची धूळ फुंकली. भाषणाचं पहिलं वाक्य होतं, "हा दिवा कुणालाच नको आहे." तिथून पुढे मावशी सुटायची ती शेवटपर्यंत श्वास घ्यायची नाही. वर्तमानपत्रांत त्याचं कौतुक आलं होतं. कुणी त्याला धबधबा म्हटलं होतं, कुणी वणवा.

चिमणी म्हणाली, "हा दिवा..." आणि थांबली.

मावशीनं जरा वाट पाहिली. मग विंगेतून हळूच पुढचे शब्द टाकले. चिमणीनं ते उचलले नाहीत. मावशीनं पुन्हा टाकले. चिमणी वरच्या पायरीवर एका हातानं शिडी धरून, दुसऱ्या हातातल्या झाकणाकडे बघत उभी. मागच्या रांगेत कुणीतरी गोळीचा कागद उलगडत होतं, तो आवाज थांबला. खोकला थांबला. सबंध सभागृहात शिडीची किंचित करकर तेवढी ऐकू येत होती. मग चिमणी अगदी साध्या आवाजात, शेजारच्या माणसाशी बोलावं तसं, म्हणाली, "कुणालाच नको आहे." आणि पुढचं एकेक वाक्य तिनं तसंच ठेवलं, सामान खाली उतरवून ठेवावं तसं, एकानंतर एक, मध्ये जागा सोडून.

मावशीच्या मांडीवरची संहिता तशीच उघडी राहिली. नाटकातल्या त्या बाईला कुठंच जायचं नाही, हे तिला पहिल्यांदा ऐकू आलं. घर विकलं गेलंय, खाली उतरलं की निघायचंच आहे, म्हणून ती वर रेंगाळते आहे. आणि आपण एवढी वर्षं ते भाषण पळत म्हटलं, कारण आपल्याला खाली उतरायचं होतं. उंचीची भीती तिला पहिल्या तालमीपासून होती. तिनं ती कधी कुणाला सांगितली नव्हती. वणवा कसला, पाय लटपटत होते म्हणून घाई होती.

शेवटी टाळ्या पडल्या, पण फार जोराच्या नाहीत. जे थांबले होते ते मात्र पडदा पडल्यावरही लगेच उठले नाहीत.

लाँड्रीवाली जिन्याच्या तोंडाशी मावशीसाठी थांबली होती. तिचे डोळे कोरडे होते. जावेचे नव्हते.

"मला तुमचंच बरं वाटलं होतं," ती म्हणाली. "ती चांगलीये. पण मी तुम्हाला बघायला आले होते."

मावशी म्हणाली, माझं चुकलं.

"आधी सांगितलं असतंत तरी मी आले असते." बाईनं थोडा विचार केला. ती खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. "आले असते कदाचित." मग जावेला खांद्यानं ढकलत ती जिना उतरू लागली, आणि अर्ध्यावरून वर बघून म्हणाली, पत्रक काचेवर राहू देते, हिनं सगळ्या गल्लीला सांगायचं ठरवलंय.

मेकअपच्या खोलीत चिमणी जमिनीवर बसली होती, पाय लांब करून. मावशी तिच्या मागे खुर्चीत बसली, तिचं डोकं मांडीवर टेकवून घेतलं आणि ओल्या कपड्यानं केसांतली पावडर काढू लागली. कपडा पांढरा होत गेला.

"तू मध्येच शब्द का देत होतीस?" चिमणीनं डोळे मिटूनच विचारलं.

"मला वाटलं विसरलीस."

"विसरले नव्हते."

"कळलं मला मग," मावशी म्हणाली. आणि तिनं चिमणीला उंचीच्या भीतीचं सांगितलं, जे तिनं मामालाही कधी सांगितलं नव्हतं. त्या थांबण्यानं काय झालं तेही सांगितलं. असं थांबणं मला सुचलं नाही, सुचलं असतं तरी जमलं नसतं, असं ती अगदी सरळ म्हणाली. हे म्हणायला तिला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही.

चिमणीनं एक डोळा उघडला. "मावशी, पोटरीत गोळा आला होता."

"काय?"

"शिडीवर. असा गोळा आला की बोलताच येईना. तो उतरेपर्यंत थांबले. मग वाटलं आता जोरात बोलले तर परत येईल, म्हणून हळू बोलले."

मावशीचा हात केसांवर थांबला. मग तिचं पोट हलायला लागलं, आणि चिमणीचं डोकं तिच्या मांडीवर असल्यामुळे तेही हलायला लागलं. खूप दिवसांनी हसत असल्यामुळे दोघींनाही ते नीट जमत नव्हतं. डोळे पुसत मावशी म्हणाली, "मग दर रविवारी येऊ दे तो गोळा."

मामा आत आला. मावशीला वाटलं, आता पैसे परत देण्यावरून बोलणार. तो म्हणाला, "ताई, ते थांबणं मी संहितेत लिहून ठेवलंय." दोघी एवढ्या का हसतायत ते त्याला कळेना. तो रागावून दिवे बंद करायला निघून गेला.

नाटक त्या हंगामात पुढे चाललं. तेवढी गर्दी पुन्हा झाली नाही, पण व्हार्निशचा वास येण्याइतकं सभागृह रिकामंही कधी राहिलं नाही. मावशी पत्रकं वाटत राहिली. बोट फोटोवर ठेवून ती म्हणायची, ही मी, पण आता काम माझी भाची करते, बघण्यासारखं करते. एवढं लांबलचक वाक्य ऐकायला थोडेच लोक थांबत. जे थांबत त्यांतले काही येत.

त्या रविवारी मात्र त्यांना फक्त घरी जायचं होतं. बाहेर अजून उजेड होता. मावशीनं एका हातानं कठडा धरला, दुसऱ्या हातानं चिमणीचा दंड. चिमणीची पोटरी अजून आखडलेली होती, त्यामुळे तीही एकच पाय टेकवत उतरत होती. एक पायरी, थांबायचं, मग दुसरी. मामा शिडी खांद्यावर घेऊन मागे उभा होता, आणि पुढच्या दोघी जिना अडवून उतरत असल्यामुळे त्याला शिडीसकट तिथंच ताटकळावं लागत होतं. तो म्हणाला, जरा लवकर उतरा की. दोघींपैकी कुणीही मागे वळून पाहिलं नाही, आणि घाईही केली नाही.